दारात कुणाला उभं ठेवू नये

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं बाटल्यांची लेबलं सोलत बसलो होतो. इथे जपानात, मुलाच्या फुनाबोरीतल्या घरी, कचऱ्याचेसुद्धा वार ठरलेले. बाटली धुवायची, झाकण वेगळं, लेबल वेगळं. कमला नखाने लेबल सोडवायची, मी बाटली पायाखाली चेपायचो.

"हळू चेपा, खालच्या तानाकासान वर येतील."

"येऊ देत. तू काय, चहाच पाजशील."

पाजलाच असता. बेल वाजली की ही दार उघडणार. आधी भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यात माणूस बघायचा, हे मुलगा सांगून थकला. गॅसवाला, पेपरवाला, धर्माची पत्रकं वाटणाऱ्या बायका, सगळ्यांना आत घ्यायची. जपानी एक अक्षर येत नव्हतं. "दारात कुणाला उभं ठेवू नये. आधी बसवावं, मग नाव विचारावं." मुलगा चिडायचा, सून हसायची. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं.

फाळणी झाली तेव्हा कमला सात वर्षांची. लाहोरजवळचं गाव सोडून पळताना तिची थोरली बहीण वीरां वाटेतच पळवली गेली. बाकीचे मुंबईच्या निर्वासित छावणीत पोचले. वर्षभराने पोलीस वीरांला सोडवून तंबूपाशी घेऊन आले. बाप पाठ फिरवून बसला. घरात आणखी दोघींची लग्नं व्हायची होती, म्हणून आईने कमलाला आधीच पढवून ठेवलं होतं. वर दंडाला चिमटा. साहेबाने लहान पोर खोटं बोलणार नाही म्हणून हिलाच विचारलं, "ही तुझी कोण?"

ही म्हणाली, "कुणी नाही."

वीरांने हिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "साहेब, माझी छावणी चुकली." आणि गेली.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कमलाने हे मला सांगितलं आणि पोरांना न सांगण्याची शपथ घातली. मी तिच्या बापाला शिव्या दिल्या. तर म्हणाली, "त्यांना नका बोलू. त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. 'कुणी नाही' मी म्हटलं." आठ वर्षांची पोर ती! मी चौथी शिकलेला, जन्मभर लेथ चालवलेला माणूस. तिला समजावायला शब्द कुठून आणणार?

त्या संध्याकाळी शेवटची बाटली मांडीवर ठेवून ती म्हणाली, "अहो, पोरांना वीरांचं सांगून टाकू या. आज सगळी घरात आहेत."

टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या लागल्या होत्या. मी म्हटलं, "उद्या सांग. पळून चाललीय का वीरां?"

सकाळी कमला उठली नाही.

डॉक्टर येऊन गेला. मुंबईला कुणाकुणाला कळवायचं ती नावं मुलगा लिहीत बसला. मी त्याच्यापुढे जाऊन बसलो.

"तुझ्या आईला थोरली बहीण होती. वीरां. लिही."

"बाबा, आत्ता नको, नंतर..."

"नंतर नाही. काल मीच नंतर म्हटलं."

सगळं सांगितलं. तिने जसं सांगितलं होतं तसंच, चिमट्यासकट. नातीला मराठी कळतं, बोलत नाही. ती जपानीत काहीतरी म्हणाली. मुलाने डोळे पुसले.

"विचारतेय, मग ती मावशीआजी कुठे गेली?"

"ठाऊक नाही पोरी," मी म्हटलं. "आपण शोधलंच नाही."