साडेसातशेपैकी पाचशे पंचवीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात ऐकणारंही कुणी नाही. तुम्हाला सांगतो.

मी अमरावतीत एका शाळेत गणित शिकवतो. शेकडेवारीचा धडा दरवर्षी येतो, आणि दरवर्षी एका वाक्यापाशी माझा आवाज खाली जातो — एकूण गुण वेगळे असतील तर नुसते मिळालेले गुण शेजारीशेजारी ठेवून चालत नाही, आधी दोन्ही शंभरावर आणायचे. मुलांना वाटतं, सरांचा घसा बसला.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला मी. सत्कार झाला तेव्हा बाबांचे आभार मानले, शिक्षकांचे मानले. ताईचं नाव — घेतलं का मी? नाही.

आम्ही अकोटचे. बाबा जिनिंगमध्ये कामाला. एकाच जूनमध्ये ताईचा बारावीचा निकाल लागला आणि माझा दहावीचा. बाहेरगावी ठेवून एकालाच शिकवता येईल, हे बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. ताईला अमरावतीला जायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. मला अकोल्याला.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. केसांत, भुवयांवर कापसाची पांढरी लव. हातपाय न धुताच विचारलं, "हं, कोणाले जास्त पडले?"

ताई कणीक मळत होती. तिला चारशे शहाऐंशी होते, सहाशेपैकी. मला पाचशे पंचवीस, साडेसातशेपैकी. म्हणजे तिला एक्क्याऐंशी टक्के, मला सत्तर. दुपारीच मी मनात दोनदा काढून पाहिलं होतं — आणि मी म्हणालो, "मले पाचशे पंचवीस. ताईले चारशे शहाऐंशी."

यात एक तरी आकडा खोटा आहे का?

'पैकी' मी गिळलं. बाबा चार बुकं शिकलेले, त्यांना काय कळणार होतं — असं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. कापसातून शेकडा किती रुई निघते, त्याला जिनात उतारा म्हणतात, आणि बाबांच्या बोलण्यात रोज उताराच असायचा. बाबा, ढीग नका पाहू, उतारा पाहा — एवढं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं त्यांना. तोंडापर्यंत आलं होतं. बोललो नाही.

"मंग तूच जाय अकोल्याले," बाबा म्हणाले. मग ताईकडे वळून, "काय मास्तरीनबाई, लहान्यानं हरवलं तुमाले!"

ताई हसली. कणकेत हात तसेच ठेवून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. बारावीला गणित घेतलेली मुलगी ती — तिला कळलं नसेल? मग बोलली का नाही? पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, दर्यापूरला.

ते प्रेम होतं का? किती होतं? मी खरोखरच हिशेब मांडून पाहिला आहे, वेड्यासारखा. पण टक्का काढायचा तर मुळात एकूण किती ते माहीत लागतं. ताईजवळ एकूण किती होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. भाची दहावी झाली; आता दहावीचे गुण पाचशेपैकी असतात.

"अठ्ठ्याहत्तर टक्के हायेत पोरीले. तिचे बाबा म्हनतात, पुरे आता. मोठ्या पोराले बारावीत चारशे दोन होते, हिले तीनशे नव्वदच, असं म्हनून राहिले. तू येऊन समजाव त्याईले."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

"ये. पन टक्के सांगजो, बाबू. मार्क नोको सांगू."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला. कबूल करायचं तर त्याच क्षणी करायला हवं होतं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"जेवला काय रे?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

जेवलो नव्हतो.