दोनदा ‘पुरे’ म्हणायचं

कापसाला सोन्याचा भाव आला आणि मला शहाणपणाची खाज सुटली. सातासमुद्रापार कुठे लढाई पेटली होती म्हणे. तिकडचा माल अडला म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना गिऱ्हाईक वाढलं. मी चांदूर बाजाराकडचा शेतकरी. एरवी अमरावतीच्या बाजारात गाडीच्या सावलीत शिदोरी सोडणारा माणूस, त्या वर्षी एका बड्या व्यापाऱ्याच्या पंगतीला जाऊन बसलो. वाढपी जिलबी घेऊन आला. “घ्या” म्हणाला, मी “वाढ” म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा “वाढ” म्हटलं. समोरच्या ओळीतला एकजण शेजाऱ्याला कोपर मारून हसला. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. बाकीचे सगळे दोनदा “पुरे, पुरे” म्हणत ताटावर हात आडवा धरत होते आणि तिसऱ्या आग्रहाला, नाइलाज झाल्यासारखं, घेत होते. आमच्याकडे भूक लागली की माणूस सरळ मागतो. त्याची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

घरी आलो तो राग लेकीवर काढला. एकुलती एक, सात वर्षांची. पाटावर ताठ बसायचं, डावा हात ताटाला लावायचा नाही, मचमच करायची नाही, हे तर होतंच. वर नवा धडा आला. मागायचं नाही. कोणी वाढायला आलं तर दोनदा “पुरे” म्हणायचं आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच घ्यायचं. चुकली की मी तिच्यापुढचं ताट उचलून बाजूला ठेवत असे. हो, ठेवत असे. आता लपवून काय उपयोग?

बायको चिडायची. “आपल्या घरी कोन हासते तिले? लेकरू हाय ते. भूक लागली त मागीनच.”

“तू मधात बोलू नको,” मी म्हणायचो. “उद्या पोरगी मोठ्या घरी जाईन. तिथं खादाड म्हनतीन तिले.”

पोर हुशार. महिन्याभरात शिकली. आई भाकरी घेऊन उभी राहिली की दोनदा मान हलवायची, पण डोळे आईच्या हातावरून हलायचे नाहीत. मला त्याचं हसू यायचं.

पुढे अकोल्याकडचे एक मोठे कास्तकार सोयरिकीसाठी आले. त्यांनी तिला जेवताना पाहिलं. “पोरगी लय वळनाची हाय,” म्हणाले आणि तिथेच सुपारी फुटली. मी मिशीला पीळ दिला. नवव्या वर्षी लग्न झालं. दहाव्या वर्षी, वेचणीला हात कमी पडतात म्हणून, सासरहून बोलावणं आलं. मी पाठवली.

ती माणसं वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. घरात पंचवीस-तीस ताटं व्हायची. भाकरींची चळत, वरणाचं मोठं पातेलं, कशाची वाण नव्हती. पण वेचणीच्या धांदलीत बायका सगळ्यांत शेवटी बसायच्या. तिथे आग्रह करायला वेळ कोणाला? “घेतं का वं पोरी?” असं एकदा विचारायचे. ही म्हणायची, “पुरे.” टोपली पुढे सरकायची.

होळीनंतर निरोप आला, ताप उतरत नाही. मी बैल जुंपून निघालो. खाटेवर पडली होती, आणि हात उचलला की बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. विहीणबाई दाराआडून रडत म्हणाल्या, “आमाले वाटलं तिची भूकच तेवढी. आमी कधी हात आखडला नाई, इवाईबुवा. देवाची आन.” मी वाटभर भांडणाचे शब्द जुळवत आलो होतो. पण ती बाई खरं बोलत होती.

पोरीला घरी आणली. वैद्य म्हणाले, तापाशी झुंजायला अंगात काही उरलंच नाही. बायको चमच्या-चमच्याने पेज भरवायची, तीही पोटात ठरेना. तिसऱ्या संध्याकाळी मी उशाशी बसलो होतो. पोरीने डोळे उघडले.

“बाबा, तिथं म्या एकदाबी मागतलं नाई.”

एवढं बोलून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तिला शाबासकी हवी होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, “शाबास, माय. लय शहानी हाय माही पोर.”

ती जरा हसली. सकाळी गेली.

माझी ती शाबासकी बायकोने चुलीपाशी ऐकली होती. पुढे कितीतरी वर्षं तिने माझं ताट एकही वेळ चुकवलं नाही. पण एकदा वाढून झालं की भाकरीची टोपली उचलायची आणि आत निघून जायची. “आनखी घेता का?” असं तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.