भेटीच्या खोलीतला ओटा

देवयानी ब्रिस्टलमध्ये तुरुंगांचे नकाशे काढते. हे कळलं की हळदीकुंकवाला आलेल्या बायका लगेच भाज्यांच्या भावावर घसरतात. कैदी एक ना एक दिवस घरी जायचाच असतो, तेव्हा तुरुंगाने त्याची घरात वागायची सवय मोडू नये. एवढं साधं लोकांच्या डोक्यात का शिरत नाही, कोण जाणे.

तिचं स्वतःचं घर मात्र ओकंबोकं. नवरा, कमलाकर, चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर घेतलेल्या फ्लॅटमध्ये ती रेडिओ लावून एकटीच जेवते. लेक अन्वी लग्न होऊन लंडनमध्ये, हॅरोला. ती यायची म्हटलं की देवयानी आदल्या दिवशीच चकल्या तळून ठेवते. माहेरवाशिणीने काडी इकडची तिकडे करायची नाही, हा तिचा दंडक. अन्वी उठली रे उठली, की खांदा धरून तिला खाली बसवते. मग अन्वी सोफ्यावर बसून खाते, फोन बघते आणि दुपार कलली की ट्रेनच्या वेळा शोधू लागते. हल्ली तर येणंही कमी झालं होतं. आपलं काय चुकतंय ते देवयानीला उमगेना, आणि तेच तिचं मन खात होतं.

मागच्या महिन्यात नव्या तुरुंगातल्या भेटीच्या खोलीचा खऱ्या मापाचा नमुना उभा करून ऑफिसातल्यांनी तो वापरून पाहिला. देवयानी कैदी झाली आणि सहकारी नकुल तिला भेटायला आला. कैद्याने खुर्ची सोडायची नाही, चहा आणायचा तो भेटायला आलेल्याने, असा नियम. नकुलने चहा आणला, बिस्किटं आणली, रिकामा कपही उचलून नेला. ती सवयीने उठू लागली, तर त्याने हसत बसायची खूण केली. तिला एकदम रडू फुटेलसं वाटलं. कोणाला काही द्यायचं नाही, नुसतं घ्यायचं आणि घड्याळाकडे बघायचं. अन्वी तिच्या सोफ्यावर बसून हेच तर करत होती.

तिने नकाशात कैद्याच्या बाजूला चहा करायला एक छोटा ओटा घातला. कढत पाणी द्यायला सुरक्षेवाले काही केल्या तयार होईनात. ती हट्टाला पेटली, आणि शेवटी चहाऐवजी सरबतावर तह झाला. बापाला पोराच्या हातात पेला तरी देता येईल, असं तिने मनाला समजावलं.

रविवारी अन्वी आली. देवयानी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"चहा आज तू कर," ती म्हणाली.

अन्वी थोडी बावचळली, पण आत गेली. एक कपाट उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं.

"आई, साखर कुठे ठेवतेस तू?"

इतकी वर्षं लेक या घरात येत होती आणि तिला साखरेचा डबा ठाऊक नव्हता. देवयानीला उठावंसं फार वाटलं, पण ती उठली नाही.

"शोध. सापडेल."

चहा पाणचट झाला होता. दोघींनी तो पूर्ण प्यायला. अन्वीने कप धुऊन, पुसून ठेवले आणि ती नेहमीच्याच ट्रेनने परत गेली.

सोमवारी सकाळी देवयानीला कप जागेवर दिसेनात. बरीच शोधाशोध केल्यावर ते डाळींच्या फळीवर सापडले. तिने एक चहापुरता घेतला, धुतला आणि पुन्हा तिथेच, डाळींच्या फळीवर ठेवला.