आबांच्या ट्रॅक्टरचा पोळा

"मिस्त्री, सेल मारला की खट्ट करतंय अन् गप बसतंय. दगडू टोचन लावून ओढतो म्हणतोय."

"ओढू देऊ नका आबा. सेलही मारू नका. मी निघालो."

मांजरसुंब्याला माझं डिझेल गॅरेज आहे, तिथे पोळ्याच्या दिवशी आबांचा हा फोन आला. आबांचं गाव तिथून जवळच. पोळ्याला वेशीतलं तोरण पहिल्यांदा तोडायचा मान त्यांच्या घराचा. वय झालं म्हणून बैलजोडी विकली, पण मान सोडला नाही. गावाशी भांडून त्यांनी बैलांच्या जागी ट्रॅक्टर न्यायचं कबूल करून घेतलं. मिरवणुकीच्या वेळेला तो वेशीत आला नाही, तर मान चुलतभाऊ दगडूकडे जाणार. आणि हाच दगडू साखळी घेऊन मोठ्या प्रेमाने मदतीला उभा.

ट्रॅक्टर बघून मला हसू आवरेना. बॉनेटवर झूल, हेडलाइटला गोंडे.

"आंघोळ कशी घातली?"

"बैलाला घालतो तशीच. वरची टोपी काढून आतूनबी धुतला. लई धूळ हुती."

टोपीखालचा पाइप म्हणजे इंजिनाचं नाक. हवा तिथूनच आत जाते. खाली एअर क्लीनरची तेलाची वाटी असते, ती उघडली तर पाण्याने काठोकाठ. म्हणजे सिलिंडरमध्येही पाणी गेलेलं. तिथे पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. तरीही जोर लावला, तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. सेलचा, म्हणजे स्टार्टरचा, जोर कमी पडला म्हणून इंजिन वाचलं. टोचन लावून ओढलं असतं, तर वाचलं नसतं.

हे ऐकून आबांनी दगडूकडे बघितलं.

"मला काय ठावं, दादा?" म्हणत दगडूने साखळी खाली ठेवली.

मी सिलिंडरवरचे डिझेल फवारणारे नोझल काढले. आता पाण्याला बाहेर यायला वाट झाली. आधी पान्याने इंजिन हाताने फिरवलं.

"बाजूला सरका, सेल मारतोय."

दगडू वाकून बघतच राहिला. पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या नव्या सदऱ्यावर. आबा पहिल्यांदा हसले.

ऑइल बदललं, एअर क्लीनर पुसून नवं तेल भरलं. तेवढ्यात वेशीकडे हलगी सुरू झाली. आबांचं हसू गेलं.

"मिस्त्री, आज चुकलं तर हा मान पुन्यांदा न्हाई मिळायचा."

नोझल बसवून डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढली, सेल मारला. खट्ट झालं नाही. इंजिन दोनदा शिंकलं, पांढऱ्या धुराने सगळ्यांना खोकवलं आणि धडधडायला लागलं. वेळेवर वेशीत पोचलो, तोरण उभ्या सायलेन्सरने तुटलं. आबांच्या बायकोने, काकूंनी, एक पुरणपोळी बॉनेटवर ठेवली, दुसरी माझ्या हातावर. निघताना आबांना बजावलं, "धुण्याआधी नाकाला पिशवी बांधत जा."

यंदा पोळ्याला पुन्हा फोन. "मिस्त्री, पिशवी बांधून धुतला. थेंब आत न्हाई. तरी चालू हुईना."

"आबा, पिशवी सोडली का?"

फोनवर हलगीच्या आवाजात आबांची हाक ऐकू आली, "अरं, कुणी तरी ती पिशवी सोडा आधी!"

तेव्हापासून गिऱ्हाइकाला काय बांधायचं ते सांगितलं, की कधी सोडायचं तेही सांगतो.