साडेतीन तासांवरची आई

हा माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि बॅगा लावण्यात त्याचा हात धरणारा आमच्या गावच्या विमानतळावर कुणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तळघरात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं, चिठ्ठीवरची तीन मोठी अक्षरं बघायची अन् बॅग त्या गावच्या गाड्यावर टाकायची. कधी चुकला नाही. आमच्या घराण्यात चुकायची पद्धतच नाही! विमानात मात्र तो कधी बसला नव्हता.

ताईच्या गावची अक्षरं त्याला तोंडपाठ. आई ताईकडेच असायची. संध्याकाळच्या विमानाला त्या गावच्या बॅगा ढिगानं जायच्या, म्हणून विमानही थेट तिकडेच जातं, अशी त्याची पक्की समजूत. फोनवर दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं, तर फोनही म्हणाला, साडेतीन तास. मग काय! 'आई साडेतीन तासांवर' असं तो सगळ्यांना सांगायचा, अन् मी त्याच्याहून मोठ्यानं.

एका दुपारी ताईचा इस्पितळातून फोन आला. "आईचं काही खरं नाही रे. दुखणं सोसवत नाही तिला. डॉक्टर झोपेचं इंजेक्शन देतो म्हणतायत. एकदा झोपली की परत बोलेलच असं नाही."

"थांबा!" धाकटा ओरडला. "संध्याकाळच्या विमानानं निघतो. जेवणाच्या वेळेला तिच्या उशाशी असेन."

आईनं ऐकलं. इंजेक्शन नको म्हणाली.

माझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून तो एकटाच निघाला. काउंटरवरच्या ओळखीच्या बाईनं घाईघाईत तिकीट काढलं, दोन कागद हातात कोंबले. "दोन्ही जपून ठेव रे बाबा." धाकट्यानं ताडलं, एक आपला, एक बॅगेचा. बॅगेलाही कागद लागतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

विमान निम्म्या वेळातच उतरलं. घोषणा झाली, पण त्याच्या कानांना दडे बसलेले. पायलट पट्टीचा दिसतोय म्हणत त्यानं ताईला फोन लावला. "उतरलो! आलोच."

फोनवर ताईच्या मागून आईचा आवाज आला, "आला का गं?"

बाहेर टॅक्सीवाल्याला त्यानं इस्पितळाचा गावासकट पत्ता सांगितला. तो हसला. "काका, झोपेत आहात का? ते गाव अजून कुठल्या कुठं! इथं विमान बदलायचं असतं."

धाकट्यानं दुसरा कागद डोळ्यांजवळ धरला. पुढचं विमान पहाटेचं. बॅगाही थेट जायच्याच नाहीत, इथं उतरून दुसऱ्या विमानात चढायच्या. चिठ्ठीवर मोठी अक्षरं तेवढी शेवटच्या गावची.

पुन्हा फोन करायचा त्याला धीर होईना. केला तेव्हा ताई म्हणाली, "आता तिला काय सांगू रे मी?"

"इंजेक्शन द्यायला सांग, ताई."

"घेत नाही ती. म्हणते, तो उतरलाय, जिन्यातच असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोचला, तेव्हा ताई खोलीबाहेर बाकावर बसली होती. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"जा आत," ती म्हणाली. "तोंड झाकू दिलं नाही मी अजून. डोळे तेवढे मिटलेत."