पारोळ्याच्या रस्त्यावरची अक्का

मे महिन्यात कुणी खानदेशात जातं का, असं रत्नागिरीत आम्हाला सगळ्यांनी विचारलं. पण धुळ्याला यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले आमचे हे एकदा ठरवलं की ऐकत नाहीत.

सकाळी जळगावला उतरलो. स्टेशनबाहेरच्या नळावर मी रुमाल धुतला आणि हातात घेऊन चालू लागले. रिक्षा ठरेपर्यंत तो खडखडीत वाळला होता! हे मात्र खूश झाले. "बघ, घामाचा चिकचिकाट नाही. आपल्याकडच्या मेपेक्षा हे बरं."

एका खाणावळीत आम्ही झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) खाल्ली. वाढणाऱ्या काकांनी आम्ही परगावचे म्हणून न मागता ताकाचा तांब्या समोर ठेवला. मी दोन पेले प्यायले. यांनी पेल्याला हात लावला नाही. बसमध्ये मध्येच उतरायची पंचाईत नको, म्हणून प्रवासात हे पाणीसुद्धा मोजकंच पितात.

धुळ्याच्या एसटीत बसलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. एरंडोल गेलं. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, मधूनच एखादं कडुनिंबाचं झाड आणि खिडकीतून तव्यावरच्या वाफेसारखा येणारा वारा. पारोळ्याच्या पुढे टायर पंक्चर झालं. बाकीचे प्रवासी जवळच्या रसवंतीच्या मांडवात गेले. हे मात्र उघड्या डोक्याने ड्रायव्हरला मदत करत उभे राहिले. मी दोनदा हाक मारली, दोनदा हात हलवून त्यांनी मला गप्प केलं.

अर्ध्या तासाने ते मांडवाकडे आले, पण पावलं तिरकी पडत होती. "डोकं दुखतंय," म्हणाले आणि बाकावर न बसता बाकाशेजारी जमिनीवर बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली तर ती त्यांनी झिडकारली. सदतीस वर्षांत ते माझ्याशी असं वागले नव्हते. मला राग आला. भीती अजून आली नव्हती.

रसवंती चालवणारी बाई चरकाशी उभी होती. पन्नाशीची, नऊवारी नेसलेली. सगळे तिला अक्का म्हणत होते. तिने चरक बंद केला, येऊन यांच्या मानेला हात लावला आणि विचारलं, "भाऊ, गाव कोणतं तुमचं?"

"भरती आली," हे म्हणाले. "होडी वर ओढा."

आता मात्र मला भीती वाटली.

"हाऊ थकवा नही शे, ताई. लू लागनी शे," अक्का म्हणाली (हा थकवा नाही, उष्माघात झालाय). मग माणसांकडे वळून ओरडली, "बठ्ठा मांगे सरका!" सगळे मागे सरले. कंडक्टरबाईंना तिने रुग्णवाहिकेला फोन करायला लावला. यांना सावलीत आडवं केलं, शर्ट काढला. रसाच्या बर्फाची लादी पोत्यातच फोडून तिने तुकडे फडक्यांत बांधले आणि मानेला, काखेत, जांघेत लावले. माठातलं पाणी अंगावर ओतायला सांगितलं. कुणी वर्तमानपत्राने वारा घालू लागलं, कुणी डब्याच्या झाकणाने. अंग इतकं तापलेलं होतं की ओतलेलं पाणी कोमट होऊन ओघळत होतं.

मी बाटली यांच्या ओठांना लावायला गेले, तर अक्काने माझं मनगट धरलं. "शुद्ध नाही तोवर तोंडमा काहीच नही. ठसका लागला तर पाणी छातीत जाईल." एका काकांनी फोडलेला कांदा हुंगायला पुढे केला. "दादा, तो ठेवा. तुम्ही पाणी आणा," ती म्हणाली, आणि काका खरंच बादली घेऊन धावले. यांना उमासा आला तेव्हा तिने त्यांना चटकन कुशीवर वळवलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. रुग्णवाहिकेचा आवाज लांबून येत होता तेव्हा यांनी डोळे उघडले आणि चिडून विचारलं, "माझा शर्ट कुणी काढला?" मी रडायला लागले. अक्काने वारा घालणाऱ्यांना थांबू दिलं नाही. "गाडीत बसेपर्यंत चालूच ठेवा."

लग्न आम्हाला बघता आलं नाही. धुळ्याच्या दवाखान्यात तीन दिवस गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे येण्याआधीच त्यांना गार केलं गेलं, म्हणून हे तुमच्याशी बोलताहेत."

परतताना आम्ही भाड्याची गाडी केली आणि सकाळी लवकर निघून रसवंतीपाशी थांबलो. हे अक्काच्या पाया पडायला वाकले तर ती दोन पावलं मागे सरली. हे सगळं कुठे शिकलात, असं मी विचारलं.

ती उसाची कांडकी पुसत सांगू लागली. "चार वर्षं झाली. ऊसतोडीचा एक माणूस याच मांडवात पडला. मीच त्याला बळंच पाणी पाजलं. चांगलं म्हणून पाजलं हो. तो गेला. मग मी उपकेंद्रातल्या सिस्टरकडे गेले. म्हटलं, मला शिकवा, माझ्या दारात रोज माणसं उन्हातून येतात."

मग तिने आमचीच परीक्षा घेतली. चक्कर, पेटके, खूप घाम, पण माणूस नीट बोलतोय, तर काय करायचं? सावली, विश्रांती, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट, मी म्हणाले. आणि बरळायला लागला तर? गणिताच्या मास्तरांनी विद्यार्थ्यासारखं उभं राहून उत्तर दिलं, "गाडी बोलवायची, लगेच गार करायचं, तोंडात काही घालायचं नाही."

"आणि घाम येत असला तर लू नाही समजायची?"

"नाही समजायची," हे म्हणाले.

"येत असला तरी असू शकते," अक्का म्हणाली. "घामाकडे नका बघू. माणूस भानावर आहे का ते बघा."

आता रत्नागिरीत कुणी खानदेश कसा वाटला म्हणून विचारलं की लोकांना किल्ल्यांचं, देवळांचं ऐकायचं असतं. आम्ही त्यातलं काहीच पाहिलं नाही. आपल्या हातून गेलेल्या माणसाचं ओझं घेऊन त्याच जागी रोज दुकान उघडणारी, आणि पुढचा पडला तर तो वाचावा म्हणून शिकून घेणारी एक बाई पाहिली. हे समोर बसून चहा पीत असतात, आणि मी तिच्याबद्दल सांगत राहते.