डबाभर सडा

बोर्डवर सात नावं लिहून झाली होती. टुंड्रा, सूचिपर्णी जंगल, वर्षावन, गवताळ प्रदेश, वाळवंट, गोडं पाणी, समुद्र. जगातली सगळी जमीन आणि सगळं पाणी या सातांत बसतं, असं मी पाचवीच्या वर्गाला इंग्रजीत सांगितलं. आमच्या शाळेत वर्गात मराठी चालत नाही. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. ती शाहूवाडीकडची, शिकायला कोल्हापुरात मामाकडे राहते.

"मिस, आमचा सडा ह्यातल्या कशात?"

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. मी म्हणाले, "दॅट्स बॅरन लँड. नथिंग ग्रोज देअर."

तिनं ते वहीत लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

ते टोपण लावणं मला दिवसभर आठवत राहिलं. माझं ते वाक्य आलं कुठून? मी अशाच एका शाळेत शिकले. पाचवीत मला आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातली झाडं नावानिशी काढता यायची. आणि कोडोलीला आमच्या शेताच्या वरच्या अंगाला दगडाचा एक तुकडा आहे, तिथं मी आजवर पाय ठेवलेला नाही. सातबाऱ्यावर तो 'पोटखराब' लागलाय. पीक नाही, म्हणून सारा नाही. वर काय आहे विचारलं की घरचे सांगतात, काही नाही. पुस्तकात नाही, सातबाऱ्यावर नाही, मग मीही वर्गात उभी राहून सांगितलं, नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला थांबवलं आणि मराठीत म्हणाले, "काल मी चुकीचं सांगितलं. सड्यावर काय असतं?"

तिनं आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "पावसात लई काय काय असतंय. मग वाळतंय."

"वाळल्यावर कुठं जातं?"

"जात न्हाय मिस. मातीतच असतंय. पाणी घातलं की येतंय परत." मला ते पटलं नाही, हे माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. "आणून दावू?"

नाताळच्या सुट्टीनंतर ती दुधाचा छोटा डबा घेऊन आली. आत सड्यावरच्या वाळलेल्या डबक्याच्या तळाची खरवडलेली माती, तिखटासारखी लाल. आम्ही ती एका पसरट काचेच्या भांड्यात घातली, चार जांभ्याचे खडे ठेवले आणि एक दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी ओतलं. तीन दिवस नुसतं गढूळ. चौथ्या दिवशी ती माझा हात धरून खिडकीशी घेऊन गेली. पाण्यात पांढरे ठिपके झटके देत पळत होते. आठवड्याभरात त्यांना पाय दिसायला लागले. कोळंबीच्या जातीचे, पारदर्शक, पोट वर करून पोहणारे. अख्खा उन्हाळा दगडावर तापलेल्या मातीत त्यांची अंडी टिकून राहतात. मी नाव विचारलं.

"नाव कशाला ठेवतंय कोण? बेडकं खात्यात त्यास्नी."

महिन्याअखेर शाळेचं प्रदर्शन होतं. विषय हेच सात प्रदेश, सात टेबलं. आमच्याकडे मॉडेल मुलं करत नाहीत. पालक दुकानात ऑर्डर देतात आणि आदल्या दिवशी रिक्षातून थर्माकोलचं अस्वल येतं. कापसाचा बर्फ आला, प्लॅस्टिकचे उंट आले, निळ्या जिलेटिनचा समुद्र आला. मी वर्गातलं एक जुनं बाक नेऊन आठवं टेबल मांडलं. त्यावर काचेचं भांडं आणि मुलीनं स्वतः लिहिलेली पाटी : सडा, तालुका शाहूवाडी.

मुख्याध्यापिका मॅडम प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी फेरीला आल्या. मी वर्षाच्या करारावर आहे आणि पुढच्या वर्षीचं पत्र त्यांच्या सहीनं निघतं.

"व्हॉट इज धिस? डर्टी वॉटर? उद्या कोणी म्हणेल शाळेत डासांच्या अळ्या आहेत. मावशी, हे ओतून टाका."

मावशींनी भांड्याला हात लावला. मुलगी खांबापाशी उभी होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, आणि तेच मला लागलं. पुन्हा एकदा मी 'तिथं काही नाही' म्हणणार, हे तिनं धरूनच चाललं होतं.

स्टाफ मीटिंगमध्ये एक वाक्य बोलायचं तरी मी ते आधी मनात इंग्रजीत चारदा म्हणून बघते. त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता.

"मॅडम, हे मी टाकणार नाही."

"एक्सक्यूज मी?"

"हाही पुस्तकातल्या सातांसारखाच एक प्रदेश आहे. फक्त पुस्तकात नाही. आणि अळ्या नाहीत त्या. वाकून बघा."

त्या वाकल्या नाहीत. मावशींनी हात काढून घेतला. "ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "मग उद्या दिवसभर तुम्हीच इथं उभ्या राहा. पालकांना उत्तरं तुम्ही द्यायची."

मला कुठली शिक्षा द्यावी हे त्यांना नेमकं माहीत होतं.

सकाळपासून मी उभी. लोक कापसाच्या बर्फापाशी फोटो काढत होते आणि आमच्याकडे बघून पुढे जात होते. अकराच्या सुमारास एक धिप्पाड गृहस्थ थांबले.

"काय ओ बाई, एवढी फी भरतोय आम्ही, आणि पोरांस्नी चिखल दावायलाय व्हय?"

माझ्या तोंडातून निघालं, "व्हय. तुम्हीपण बघा की."

ते हसले आणि वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. "आयला! हालतंय की ह्यात!" मग कोणाला तरी हाक मारून, "आगं ये हिकडं, त्यो बर्फ खोटाय, हे जित्तं हाय!"

माणसं गोळा झाली. मुलगी आता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि मोठ्यानं, तिच्या भाषेत सांगत होती. मी तिला इंग्रजीत बोल म्हटलं नाही. मॅडम दारातून बघत होत्या, तरीही नाही.

जाताना ते गृहस्थ म्हणाले, "आमच्यात बी हाय असला दगड. पोटखराब. मुरूम काढायला द्यायचा चाललंय."

"द्यायच्या आधी मला डबाभर माती आणून द्या," मी म्हणाले.

"आणि मग दिऊ नको म्हणशीला."

"म्हणणारच."

ते मान हलवत निघून गेले. जमीन देणार की ठेवणार, ते सांगितलं नाही.

माझं पत्र अजून निघालेलं नाही. पुढच्या वर्षी यादीबाहेरचं काही मांडायचं नाही, अशी नोटीस मात्र निघाली आहे. मी सही करून ती परत दिली. त्याच आठवड्यात ऑफिसबाहेरच्या बाकावर माझ्यासाठी कोणीतरी लोणच्याची एक बरणी ठेवून गेलं. आत लाल माती.

मी तिच्यात पाणी घातलं आणि ती वर्गाच्या खिडकीत ठेवली, व्हरांड्याच्या बाजूला. मॅडम रोज तिथूनच जातात. बोर्डवर आठवं नाव मुलीनं लिहिलं आहे, मराठीत. पुसायचं नाही, असं खाली मी लिहिलं.